थंडीतलं घर : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांत सरपण, पांघरूण आणि साठवणीचेच प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे तांब्याचा जुना बंब आहे. पूर्वी चार लाकडांत पाणी कढत व्हायचं. आता टोपलंभर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) जाळल्या तरी कोमटच राहतं, आणि धूर डोळे उघडू देत नाही. नवा घ्यावा का? (निफाड)

उत्तर : तांब्याचा बंब गळत नसेल तर तो बदलायचं कारण नाही. तीन जागा तपासा : खालची जाळी, जाळ जिच्यात होतो ती मधली नळी आणि आत पाण्याच्या बाजूला बसलेला थर.

आधी जाळी. राख गच्च बसली की खालून वारा मिळत नाही, मग लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. तुमच्या धुराचं कारण बहुधा हेच आहे. रोज पेटवण्याआधी राख काढायची आणि जाळीची भोकं सळईने मोकळी करायची. बंब थेट जमिनीवर टेकवला असेल तर तीन विटांवर उचलून ठेवा.

मग नळी. धुमसत्या जाळाची काजळी नळीला आतून चिकटते आणि आच पाण्यापर्यंत पोचू देत नाही. काठीच्या टोकाला काथ्याचा बोळा घट्ट बांधून आठवड्यातून एकदा नळी वरून खालपर्यंत घासा. पहिल्या वेळी काजळीच्या खपल्या निघतील. त्या परसात गोळा करून ठेवू नका, आत निखारा राहिलेला असू शकतो.

तिसरं म्हणजे क्षार. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर नळीवर पांढरट-तपकिरी कवच चढतं. झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाहा. कवच दिसलं तर दहा लिटर पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून ते बंबात भरा आणि जाळ न करता रात्रभर ठेवा. सकाळी तोटीतून सोडून दोनदा साध्या पाण्याने विसळा. ते पाणी हिरवट निघतं, त्यात तांबं उतरलेलं असतं. जनावरांच्या हौदात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नका. कवच हातोडीने ठोकून काढायला जाऊ नका, पत्रा पिचकतो.

बंब ठीक असेल तर वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांवर न्यायला वाळलेलं लाकूड साधारण किलोभर लागतं. त्यात विसणाचं गार पाणी मिसळलं की तिघांच्या आंघोळी होतात. तुम्हाला टोपलंभर सरपण लागतंय, याचा अर्थ बहुतेक आच नळीतून वर निघून जाते आहे, किंवा सरपण ओलं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी वाफ करून उडवण्यातच जाळ खर्च होतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या बद्द वाजतात. लाकूड मनगटाएवढं फोडून, खाली दोन ओंडके आडवे टाकून त्यांवर रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

पेटवताना नळी तोंडापर्यंत भरू नका. खाली तुराटीचे तुकडे आणि वाळका पाला, ते धडाडून पेटले की मूठभर पऱ्हाट्या, मग बाभळीची एक-दोन ढलपी. तुराटी लवकर पेटते आणि लवकर संपते. बाभळीचा निखारा टिकतो. गोवरी शेवटी टाकायची : पाणी तापलं की अर्धी गोवरी पुरते, मागून आंघोळीला येणाऱ्यापर्यंत ऊब राहते. पऱ्हाट्यांचे ढीग शेतात किंवा बांधावर पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका. त्यांतल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि नव्या कपाशीवर येते. या हिवाळ्यातच जाळून संपवा.

पाणी भरल्याशिवाय बंब कधीही पेटवू नका, आणि जाळ चालू असताना तोटीतून सगळं पाणी काढू नका. पाणी खाली जाऊन नळी उघडी पडली की झाळलेले सांधे सुटतात. घरातल्या प्रत्येकाला एकच शिस्त लावा : एक तांब्या गरम काढला की एक तांब्या गार ओतायचं. बंबाची जागा पडवीत किंवा परसात, बंद न्हाणीत नाही. का, ते पुढच्याच उत्तरात.

प्रश्न : म्हातारी माणसं आणि बाळ असलेल्या खोलीत रात्री शेगडी ठेवतो. धूर नसलेला लाल निखारा असेल तर चालेल ना? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नाही. आज रात्रीपासून बंद करा. निखारा धुरकट नसतो म्हणूनच फसवतो. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. जागं माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय म्हणून उठून बाहेर येतं. झोपलेल्याला ते कळत नाही. खिडकीची फट ठेवली, पाण्याचं भांडं शेजारी ठेवलं, वर राख पसरली, यातल्या कशानेही हा धोका टळत नाही.

शेगडीवर हातपाय शेकायचे ते ओसरीवर, उघड्यावर. झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर. रात्रीच्या उबेसाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरून झोपण्याआधी अर्धा तास पांघरुणात ठेवा आणि बाळाला निजवताना ती काढून घ्या. म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी ठेवायची तर जाड फडक्यात गुंडाळून. मधुमेह असेल तर पायांना चटका जाणवेलच असं नाही, तिथे पिशवी काढलेलीच बरी. बाळाला एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे आणि टोपडं घाला.

शेगडीच्या खोलीत कुणी सुस्त, गोंधळलेलं किंवा बेशुद्ध आढळलं तर आधी दारं सताड उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

प्रश्न : जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली, पण मध्ये फुगा येतो आणि एका बाजूला सुरकुत्या जमतात. शिवाय किती थर पुरेत? विकतची रग घेणं स्वस्त पडेल का? (आटपाडी)

उत्तर : घरात जुनं सुती लुगडं असेल तर विकत घ्यायचा तो फक्त दोरा. सिंथेटिक रगेच्या नादी लागू नका. घाम शोषत नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटते.

मापाचा हिशेब असा. पाचवारी सुती साडीचे सव्वाचार फुटांचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की सव्वाचार फूट रुंद, सात फूट लांब असा एक थर होतो. म्हणजे पाचवारीचे दोन थर, नऊवारीचे तीन. सहा थरांची वाकळ पठारावरच्या थंडीला एका माणसाला पुरते. त्याला दोन नऊवारी किंवा तीन पाचवारी लागतात. कोकणात चार थरही खूप होतात. कापडं सगळी आधी धुऊन वाळवून घ्या. त्यांत एखादं नवं किंवा कमी धुतलेलं असेल तर ते नंतर आटतं आणि सगळी वाकळ आखडते. विरलेली, जाळी पडलेली कापडं आत. धड कापडं दोन्ही बाजूंना बाहेर.

थरांचे सांधे एकावर एक आले की तिथे दगडासारखी वळी तयार होते आणि सुई मोडते. म्हणून एका थराचा सांधा मध्यभागी आला तर पुढच्या थरात एक तुकडा आडवा अर्धा कापा, अर्धा वर, अर्धा खाली आणि पूर्ण तुकडा मध्ये जोडा. असं आलटून पालटून.

फुगा येतो तो कच्चे टाके न घातल्यामुळे. काठाकडून आत गोल गोल शिवत जायची रीत चांगली आहे, पण प्रत्येक फेरीबरोबर वरचं कापड केसभर पुढे सरकतं आणि ते सगळं सरकलेलं कापड शेवटी मध्यावर साचतं. सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर सगळे थर एकेक करून अंथरा. प्रत्येक थर मध्यापासून चारी कडांकडे तळहाताने सारखा करा आणि कडांवर पाटे, डबे असं काही वजन ठेवा. मग मध्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घाला : आधी एक उभी रेघ, एक आडवी, मग बाकीच्या. हे काम दोघींनी समोरासमोर बसून केलं तर निम्म्या वेळात होतं. त्यानंतर काठ आत दुमडून पक्का धावदोरा घ्यायचा. दोन रेघांमध्ये दोन बोटं अंतर, टाका गव्हाच्या दाण्याएवढा. दोरा ओढून घट्ट करू नका. कापड दोऱ्यापाशी किंचित खळगा धरेल इतकंच. वाकळीची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. टाके आवळले, फार जवळ घेतले की हवा राहत नाही आणि वजन तेवढं उरतं.

हेच कारण उन्हालाही लागू आहे. दबून चपटी झालेली, दमट वाकळ गार लागते. आठवड्यातून एकदा दोन तास ऊन द्या आणि काठीने झोडपा. धुतलीत तर एका दोरीवर दुहेरी टाकू नका, आत ओल राहून कुबट वास येतो. दोन दोऱ्यांवर हातभर अंतर ठेवून पसरा आणि सकाळीच धुवा.

आणि अंगावर तिसरं पांघरूण चढवण्याआधी अंगाखाली काय आहे ते पाहा. जमिनीवर निजणाऱ्याला बरीच थंडी खालून लागते, शिवाय अंगाखालचं पांघरूण वजनाने दबून निकामी होतं. गोणपाटाच्या खोळीत कोरडा भाताचा पेंढा चार बोटं जाडीचा भरा आणि त्यावर सतरंजी. पेंढा खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर बुरशी आणि पिसवा. दर वर्षी बदला. जुना पेंढा उकिरड्यात जातो, काही वाया जात नाही.

प्रश्न : नवी घोंगडी फार कडक आणि टोचरी आहे. धुतली तर मऊ होईल का? (माण)

उत्तर : लगेच धुऊ नका. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, कडकपणा तिचा आहे. वापराने आणि उन्हात झटकून तो जातो. अंगाशी सुती चादर घ्या, वर घोंगडी. धुवायची वेळ आलीच तर आठ-दहा रिठे बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून, त्या गार पाण्यात नुसती दाबून धुवा. गरम पाण्यात चोळली की लोकर आटते, ती परत सुटत नाही. पिळू नका. सावलीत आडवी पसरून वाळवा. उन्हाळ्यात ठेवताना पूर्ण स्वच्छ आणि कोरडी हवी. कसर आधी लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर.

प्रश्न : हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवली की काळी पडते आणि आंबटपणा जातो. (बार्शी)

उत्तर : दोन्ही गोष्टी धुण्यामुळे होतात. हरभऱ्याच्या पानावर आंब असते. त्यातली मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं पाण्यात विरघळून जातात. म्हणून वाळवायची भाजी खुडून तशीच पसरायची, धुवायची ती शिजवताना. याला एक अट आहे : त्या शेतावर फवारणी झालेली नसावी. फवारलेल्या शेतातली भाजी ओलीही नको, वाळलेलीही नको.

पीक साधारण महिन्याचं झाल्यावर, फुलं यायच्या आधी शेंडे खुडा, दोन-अडीच इंच. याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे घाट्यांचंही नुकसान नाही. फूल आल्यावर खुडलेली भाजी जून निघते. दव उडून गेल्यावर, दहाच्या पुढे खुडायला जा. दवासकट भरलेली पिशवी तासाभरात आतून गरम होते आणि पानं काळी पडतात. सुती कापडावर पातळ पसरून वारा लागेल अशा सावलीत तीन-चार दिवस, दिवसातून दोनदा हलवून. शेवटी तासभर ऊन. मुठीत चुरली तर चुरा व्हायला हवी. वाकली तर अजून ओल आहे. हाताने चोळून काड्या काढा आणि पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरा.

चार माणसांना एक मोठी मूठ पुरते. पटकन धुऊन वाटीभर तुरीच्या डाळीत किंवा भिजवलेल्या शेंगदाण्यांत शिजवा. डाव किंवा रवीने घोटा, दोन चमचे ज्वारीचं पीठ आधी गार पाण्यात कालवून मग घाला. कोरडं पीठ वरून भुरभुरलं की गुठळ्या होतात. वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावी.

प्रश्न : गॅसची टाकी पुरवून वापरायची आहे. कुकर नाही. डाळ, हरभरे शिजायला थंडीत फार वेळ लागतो. (अकोले)

उत्तर : भांडं आचेवर ठेवून द्यायचं नाही, उबेत पुरायचं. खोल टोपलीत किंवा लाकडी खोक्यात तळाला चार इंच पेंढा दाबून भरा, मध्ये भांड्याच्या मापाचा खड्डा ठेवा, चारी बाजूंनीही चार इंच पेंढा. वर झाकायला पेंढ्याची छोटी उशी शिवा.

तुरीची डाळ तासभर भिजवा. नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घाला, वाफ बाहेर जात नसल्यामुळे ते आटत नाही. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं खळखळून उकळा, झाकण न उघडता भांडं खोक्यात, वर उशी. दोन तासांत डाळ शिजते. हरभरे रात्रभर भिजवून, वीस मिनिटं उकळून मग चार-पाच तास ठेवा. वाढण्याआधी पुन्हा एक उकळी आणायचीच. कोमट राहिलेल्या अन्नात जंतू वाढतात, म्हणून पुरलेलं भांडं रात्रभर विसरू नका.

हे फसतं ते तीन कारणांनी : भांडं अर्धंच भरलेलं (लवकर निवतं, पाऊण तरी भरा), मध्येच झाकण उघडलं, किंवा चिंच आधीच घातली. आंबटाने डाळ दडदडीत राहते. चुलीवरचं भांडं पुरण्याआधी बूड ओल्या फडक्याने पुसा, पेंढ्यात ठिणगी गेली तर खोकं पेटेल.

प्रश्न : बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं. गिरणीचा दोष आहे का? (धुळे जिल्हा)

उत्तर : गिरणीचा नाही. बाजरीत बहुतेक धान्यांपेक्षा तेल जास्त, साधारण पाच टक्के. दाणा अखंड असतो तोवर ते सुरक्षित असतं. दळलं की दाण्यातलंच विकर (एन्झाइम) तेलावर काम करू लागतं आणि पीठ खवट होतं. थंडीत हे सावकाश होतं, तरी एका वेळी पाच-सहा दिवसांपुरतंच दळून आणा. दळण गरम येतं. डब्यात भरण्याआधी परातीत पसरून गार करा आणि जुन्या पिठावर नवं ओतू नका. जास्त दिवस ठेवायचंच असेल तर निवडलेली बाजरी फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, लगेच काढून उन्हात खडखडीत वाळवा आणि मग दळा. त्या उष्णतेने विकर बरंचसं मरतं. भाकरी थापताना चिरत असेल तर पीठ कढत पाण्यात मळा आणि एकेका भाकरीपुरतंच.

प्रश्न : विरजण लावलेलं दूध सकाळी तसंच्या तसं. (जुन्नर)

उत्तर : दूध फार निवल्यावर विरजण लावलं जातंय. करंगळी बुडवून दहा आकडे मोजेपर्यंत सोसवेल इतकं गरम हवं, चाळीस अंशांच्या आसपास. अर्धा लिटर दुधाला उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण पुरतं, आता दीड चमचा घ्या आणि दुधात पूर्ण मोडून मिसळा. फ्रीजमधलं विरजण असेल तर तासभर आधी बाहेर काढा. भांडं जाड फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत किंवा तांदळाच्या डब्यात निम्मं रोवा. वरच्या प्रश्नातलं पेंढ्याचं खोकंही चालतं. निखाऱ्यावर किंवा तापलेल्या चुलीच्या वैलावर ठेवू नका, खालचं दूध फुटून पाणी सुटतं. बारा तास हलवू नका.

प्रश्न : टाचांच्या भेगांवर खोबरेल लावतो, टिकत नाही. (सावंतवाडी)

उत्तर : तुमच्याकडे कोकमाचं तेल मिळतं, ते वापरा. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून भेगेत भरल्यावर ओघळून न जाता तिथेच थिजतं. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा, मऊ झालेली मेलेली कातडी वजरीने हलकेच घासा, पाय पूर्ण कोरडे करा. पळीत कोकमाच्या थिजलेल्या तेलाचा तुकडा पातळ करून, बोटाला सोसवेल इतका निवल्यावर भेगेत भरा आणि मोजे घाला. कोकम मिळत नसेल तर एक भाग मधमाशीचं मेण, चार भाग खोबरेल, दोन्ही गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवून डबीत ओता. थेट जाळावर मेण वितळवू नका, भडकतं. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरी काही न भरता डॉक्टरांना दाखवा.